मृग कोणाचा, भूमि कोणाची ? : अमेरिकेंतील धनुर्मृगया व सार्वजनिक भूमि

१. विषयप्रवेश

आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन येथें नोकरीनिमित्त राहतो. गेल्या पावसाळ्यांत त्याचें पत्र आलें. त्यास धनुर्विद्येचा नाद लागला असून हरिणाच्या शिकारीचा परवानाही त्यानें काढिला आहे. पत्रांतील तक्रार अशी : "गुरुजी, परवाना एका दिवसांत मिळाला, पण धनुष्य घेऊन उभें राहण्यास जागा शोधतां शोधतां दोन महिने गेले. हरणें रोज दृष्टीस पडतात, पण तीं दुसऱ्याच्या शेतांत. नकाशांत रंगवून दाखविलेली कांहीं जमीन सर्वांची आहे असें म्हणतात. ती सर्वांची कशी झाली, हें मात्र येथें कोणास विचारलें तर 'पहिल्यापासून आहे' एवढेंच उत्तर मिळतें."

"पहिल्यापासून आहे" हें उत्तर इतिहासाच्या अभ्यासकानें कधींही खरें मानूं नये, असें आम्ही वर्गांत वारंवार सांगत असूं. तेव्हां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा भार आमच्यावरच येऊन पडला. प्रस्तुत लेख हें त्या उत्तराचेंच विस्तृत रूप होय. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मृगयेस जागा उरलेली नाहीं, व ती असावी असें आमचें म्हणणेंही नाहीं. परंतु ज्याच्या नांवावर जमीन नाहीं अशा मनुष्यास पृथ्वीवर पाय ठेवण्याचा हक्क कोठून येतो, हा प्रश्न कोणत्याही देशाच्या इतिहासांत विचारण्याजोगा आहे. आणि अमेरिकेंतील धनुर्धराच्या निमित्तानें तो फार स्पष्टपणें पुढें येतो.

धनुर्धराच्याच निमित्तानें कां, तें प्रथम सांगितलें पाहिजे. बंदुकीची गोळी शेंकडों हात जाते. धनुर्धर मात्र साधारण वीस-तीस यार्डांच्या आंत हरिण आल्याशिवाय बाण सोडीत नाहीं. त्यासाठीं झाडावर मचाण बांधून, वाऱ्याची दिशा सांभाळून, दिवसचे दिवस एका जागीं निश्चल बसावें लागतें. विस्कॉन्सिनांत हरिणासाठीं बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, तर धनुष्याचा सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत चालतो. शिवाय बाण लागलेलें हरिण जागींच पडतें असें नाहीं. तें धांवत जातें आणि कित्येकदां दुसऱ्याच्या कुंपणापलीकडे जाऊन पडतें. पुष्कळ संस्थानांत तें आणण्यासाठींही मालकाची अनुमति लागते. सारांश, बंदूकवाल्यापेक्षां धनुर्धराचा भूमीशीं संबंध अधिक दीर्घ व अधिक निकटचा आहे. भूमीचा प्रश्न त्यासच प्रथम बोंचतो.

२. मृगाचा प्रश्न व भूमीचा प्रश्न

आमच्या शास्त्रकारांनीं हे दोन प्रश्न एकाच श्लोकांत शेजारीं ठेविले आहेत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत क्षेत्र व बीज यांचा वाद चालला असतां दृष्टांत म्हणून असें सांगितलें आहे कीं, ज्यानें बुंधे तोडून जमीन साफ केली त्याचें शेत, आणि ज्याचें शल्य प्रथम रुतलें त्याचा मृग. त्या आधींच्याच श्लोकांत विद्ध मृगास पुन्हा वेध करणाऱ्याचा बाण वायां जातो, असेंही म्हटलें आहे. तेथील मुख्य विषय शेत किंवा शिकार नव्हे. तथापि दृष्टांत नेहमीं लोकांस मान्य असलेल्या गोष्टीचाच देतात. तेव्हां प्रथम वेध करणाऱ्याचा मृग, ही समजूत त्या काळीं रूढ असली पाहिजे. किरातार्जुनीयांत एका वराहास दोघांचेही बाण लागल्यामुळें अर्जुन व किरातवेषधारी शंकर यांचें युद्ध जुंपतें, तें याच समजुतीच्या आधारावर.

परंतु हा झाला मृगाचा प्रश्न. मृग ज्या भूमीवर उभा आहे ती कोणाची, हा निराळा प्रश्न. आणि तोही आमच्या ग्रंथांस अपरिचित नाहीं. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंतानें बाण जोडला असतां तापस मध्यें येऊन सांगतो कीं, हा आश्रमाचा मृग आहे, यास मारूं नये. आणि सार्वभौम राजा बाण उतरवितो. कौटिल्यानें राजाच्या विहारासाठीं एकच द्वार असलेलें, खंदकानें वेढलेलें मृगवन सांगितलें आहे. शिवाय सीमेवर, अथवा भूमीच्या सोयीप्रमाणें, जेथें सर्व मृग अतिथीप्रमाणें येऊन राहतील असें दुसरें मृगवन वसविण्यास सांगितलें आहे. तात्पर्य, शल्य कोणाचें हें ठरल्यानें बाण सोडण्याचा अधिकार होता किंवा नव्हता, हें ठरत नाहीं.

रोमन धर्मशास्त्रांत वन्य प्राणी अस्वामिक मानलेला असून जो पकडील त्याचा तो होई. नुसतें घायाळ केल्यानें स्वामित्व येतें कीं प्रत्यक्ष हातीं आल्यानें, याविषयीं तेथील पंडितांत मतभेद होता. जस्टिनियनच्या संहितेंत हातीं येणें आवश्यक मानिलें आहे. हाच वाद १८०५ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयांत एका कोल्ह्यावरून निघाला. कुत्रीं घेऊन पाठलाग करणारा एक, आणि मध्येंच येऊन कोल्हा मारणारा दुसरा. न्यायाधीशांच्या बहुमतानें निकाल दिला कीं, केवळ पाठलागानें स्वामित्व येत नाहीं. मात्र प्राणघातक जखम करून पाठलाग न सोडणाऱ्याचा हक्क मानितां येईल. हें मत मनूच्या शल्यवंताच्या बरेंच जवळ येतें. अमेरिकेंतील कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल प्रथम वर्षीं वाचतात. पण त्यांतील एक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. ती ही कीं, तो कोल्हा पडीत, निर्जन व कोणाच्याही ताब्यांत नसलेल्या किनाऱ्यावर मारला गेला, असें वादी स्वतःच सांगत होता. भूमि कोणाचीच नव्हती म्हणून न्यायाधीशांस केवळ मृगाचा विचार करितां आला. ज्या दिवशीं कोणाचीच नाहीं अशी भूमि संपली, त्या दिवशीं दुसरा प्रश्न उभा राहिला.

३. अकुंपित भूमीचा काळ

अमेरिकेंत वसाहत करणारे लोक इंग्लंडांतून आले, आणि तेथील अरण्यांचे कायदे ते विसरले नव्हते. नॉर्मन राजांनीं अरण्यें आपल्या मृगयेसाठीं राखून ठेविलीं होतीं. १२१७ च्या अरण्यसनदेनें हरिण मारल्याबद्दल देहान्त व अंगच्छेद या शिक्षा बंद झाल्या, तरी सामान्य मनुष्यास मृगयेचा अधिकार मिळाला नाहीं. पुढें १६७१ च्या कायद्यानें तर वार्षिक शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असल्याशिवाय, अथवा तत्सम अन्य पात्रतेशिवाय, शिकार करण्यास मनाई केली. व अपात्र लोकांच्या घरांतून शिकारीचीं साधनें जप्त करण्याची मुभा दिली. थोडक्यांत, ज्याची भूमि त्याचीच मृगया.

याची प्रतिक्रिया अमेरिकेंत उमटली. पेन्सिल्व्हेनियाच्या १७७६ च्या व व्हर्मॉन्टच्या १७७७ च्या राज्यघटनेंत असें स्पष्ट नमूद केलें आहे कीं, तेथील रहिवाशांस योग्य ऋतूंत स्वतःच्या जमिनीवर, आणि कुंपण नसलेल्या इतर जमिनीवरही, शिकारीची मोकळीक आहे. १८१८ सालीं दक्षिण कॅरोलिनाच्या न्यायालयानेंही, कुंपण न घातलेल्या जमिनीवर शिकार करणाऱ्यास मालक अडवूं शकत नाहीं, असा निकाल दिला. मालकानें कुंपण घालावें, नाहींतर लोक येतील, असा हा न्याय. आपल्याकडील गायरानाची आठवण वाचकांस येथें होईल; परंतु गायरान गांवाचें असतें, आणि ही जमीन खासगी असूनही पायवाटेपुरती सर्वांची होती.

तारेचें कुंपण स्वस्त झालें, शेती वाढली, आणि ही मोकळीक संपत गेली. दक्षिणेंत यादवी युद्धानंतर या संकोचास दुसरेंही कारण झालें. नुकतेच दास्यमुक्त झालेले कृष्णवर्णीय लोक शिकार व मासेमारी यांवर पोट भरूं लागले, तर मळेवाल्यांच्या मजुरीवर कोण येणार ? म्हणून प्रवेशबंदीचे आणि कुंपणाचे कायदे कडक करण्यांत आले. मृगयेचें रान बंद करणें म्हणजे मजुराच्या पायांत बेडी घालणें, हें त्या मळेवाल्यांस चांगलें कळत होतें.

इकडे मृगाच्या प्रश्नाचा निकाल मात्र उलट दिशेनें लागला. १८४२ सालीं न्यूजर्सींतील कालवांच्या एका वादांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, इंग्लंडच्या राजाकडे जें विश्वस्तपण होतें तें आतां जनतेकडे आलें आहे. १८९६ च्या दुसऱ्या निकालांत वन्य प्राण्यांची मालकी संस्थानाकडे, लोकांच्या वतीनें, असल्याचें तत्त्व मांडिलें गेलें. मालकीची ती भाषा १९७९ सालीं न्यायालयानें सोडून दिली. तरी मृग सर्वांचा, त्याचें रक्षण व नियमन संस्थानानें करावयाचें, ही समजूत कायम आहे. अशा रीतीनें विचित्र स्थिति झाली : मृग सर्वांचा आणि भूमि एकाची. आमच्या विद्यार्थ्याची तक्रार नेमकी येथें उगम पावते.

४. मोजणींतून उरलेली भूमि

आतां 'सर्वांच्या' जमिनीकडे वळूं. आपल्या कानांस 'जंगल' म्हटलें कीं 'सरकारी' हा शब्द आपोआप ऐकूं येतो. १८७८ च्या अरण्य-कायद्याचा तो परिणाम. अमेरिकेंतील संघसरकारची जमीनही आरंभीं सरकारीच होती. पण ती राखून ठेवण्यासाठीं नव्हे, विकण्यासाठीं.

२० मे १७८५ च्या भूमि-अध्यादेशानें देशाची मोजणी सुरू झाली. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक चौकोन. त्याचे छत्तीस भाग. प्रत्येक भाग एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. डोंगर, नदी, तळें कांहींही मध्यें येवो, रेघ सरळच जावयाची. या छत्तिसांपैकीं सोळावा भाग त्या त्या ठिकाणच्या शाळेच्या खर्चासाठीं राखून ठेवावा, असा नियम होता. जन्मभर शाळेंत काढलेल्या आम्हांस हा नियम वाचून संतोष झाला, हें कबूल केलें पाहिजे. अशा शालेय जमिनींपैकीं पुष्कळ विकल्या गेल्या, तरी पश्चिमेकडे लक्षावधि एकर अद्यापि शिल्लक आहेत. मात्र त्यांचा उद्देश उत्पन्न हा असल्यामुळें कोठें त्यांवर शिकार करितां येते, कोठें येत नाहीं. कोलोरॅडोंत वन्यजीव खात्यानें भाड्यानें घेतल्याशिवाय त्या शिकाऱ्यांस खुल्या नसतात. म्हणजे नकाशांतील रंग सरकारी दिसला तरी ती भूमि सार्वजनिकच असेल असें नाहीं. शोध करणाऱ्यानें हा भेद प्रथम शिकला पाहिजे.

१८६२ च्या कायद्यानें शेतकऱ्यांस १६० एकरांचे तुकडे फुकट मिळूं लागले. त्याच वर्षीं व पुन्हा १८६४ सालीं आगगाडीच्या कंपन्यांस लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस विषम अंकांचे भाग देण्यांत आले. सम अंकांचे सरकारकडे राहिले. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एक घर खासगी, एक सरकारी, अशी रचना वायोमिंगमधून व इतर संस्थानांतून मैलोगणती पसरली. कल्पना अशी कीं, आगगाडी आली म्हणजे सरकारच्या घरांसही भाव येईल. पण तेथें पाणी नव्हतें. घरें विकलीं गेलीं नाहींत.

१९३४ च्या टेलर-कायद्यानें हीं उरलेलीं कुरणें सरकारी देखरेखीखालीं आलीं, १९४६ सालीं त्यांच्यासाठीं निराळें भूमि-खातें निघालें, आणि १९७६ च्या कायद्यानें ही जमीन यापुढें सामान्यतः संघसरकारनें स्वतःकडेच ठेवावी असें धोरण ठरलें. या खात्याकडे आज सुमारें २४.५ कोटि एकर आणि अरण्य-खात्याकडे सुमारें १९.३ कोटि एकर भूमि आहे. तेव्हां पश्चिमेकडील धनुर्धर ज्या विस्तीर्ण भूमीवर बाण घेऊन फिरतो, तिचा बराच भाग कोणी उदारपणें दिलेला नसून गिऱ्हाईक न मिळाल्यामुळें उरलेला आहे.

५. टाकून दिलेली भूमि

पूर्वेकडे व सरोवरांच्या प्रदेशांत इतिहास निराळा आहे. तेथें जमीन विकली गेली होती. ती परत आली. १ मार्च १९११ च्या वीक्स-कायद्यानें नद्यांच्या उगमाकडील डोंगराळ जमीन खासगी मालकांकडून विकत घेण्याचा अधिकार संघसरकारास मिळाला. पूर्वेकडील बहुतेक राष्ट्रीय अरण्यें त्या कायद्यामुळें उभीं राहिलीं.

विस्कॉन्सिनची कथा याहून बोधप्रद आहे. उत्तर विस्कॉन्सिनांत पांढऱ्या पाइनचें घोर अरण्य होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें तोडून त्याचें लांकूड नद्यांवरून वाहून नेण्यांत आलें. मागें पाला, फांद्या व बुंधे राहिले. त्यांस वारंवार आगी लागत. ८ ऑक्टोबर १८७१ च्या पेश्टिगोच्या आगींत हजाराहून अधिक माणसें दग्ध झालीं. नंतर हीच बुंध्यांची जमीन शेतीसाठीं म्हणून नव्यानें आलेल्या गरीब लोकांस विकण्यांत आली. बुंधे खणून काढतां काढतां त्यांचीं वर्षें गेलीं; जमीन रेताड, उन्हाळा आंखूड. कर थकले, लोक घरें सोडून गेले, आणि १९२० नंतरच्या दशकांत लक्षावधि एकर जमीन थकलेल्या करापोटीं कौंट्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यांसारख्या विभागांकडे, जमा झाली. १९२७ व १९२९ च्या कायद्यांनीं तिचीं कौंटी-अरण्यें करण्याचा मार्ग मोकळा झाला. आज त्यांचें क्षेत्र सुमारें २४ लक्ष एकर असून तीं शिकारीस खुलीं आहेत.

मनूचा दृष्टांत येथें पुन्हा आठवतो. ज्यानें बुंधे काढले त्याचें शेत, हें खरें. पण ज्यास बुंधे काढतां आले नाहींत त्याचें शेत पुन्हा सर्वांचें झालें. आमच्या विद्यार्थ्यास आम्ही कळविलें आहे कीं, उत्तरेकडील कौंटी-अरण्यांत मचाण बांधशील तेव्हां खालीं एखादा कुजलेला जुना बुंधा दिसतो का तें पाहा. ज्या कुटुंबास तो काढवला नाहीं, त्याच्या अपयशावर तुझा हक्क उभा आहे.

१९३४ हें वर्ष या इतिहासांत विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षीं टेलर-कायदा झाला. त्याच वर्षीं पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांनीं तिकीट विकत घ्यावें व त्या पैशांतून पाणथळ जमिनी घ्याव्या, असा संघसरकारचा कायदा झाला. आणि त्याच वर्षीं विस्कॉन्सिनच्या कोलंबिया व सॉक या दोन कौंट्यांत हरिणासाठीं केवळ धनुष्याचा असा पहिला हंगाम उघडला. ऑल्डो लिओपोल्ड हा प्रसिद्ध वनशास्त्रज्ञ त्या वेळीं विस्कॉन्सिनच्या विद्यापीठांत अध्यापक होता. तो स्वतः धनुर्धर असून धनुष्यें आपल्या हातानें घडवीत असे. न्यू मेक्सिकोंतील गिला येथील अरण्य १९२४ सालीं राखून ठेवण्यांत आलें, तें त्याच्याच प्रयत्नानें. १९३५ सालीं त्यानें याच सॉक कौंटींत एक निकस, सोडून दिलेलें शेत विकत घेतलें. आरंभीं त्याचा उपयोग शिकारीच्या वेळीं उतरण्यासाठीं होई. तेथें त्यानें सहकुटुंब हजारों झाडें लाविलीं. टाकून दिलेल्या भूमीचें मोल ज्यास समजलें अशा थोड्या लोकांत त्याची गणना केली पाहिजे.

पुढें १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका व दारूगोळा यांवरील कर वन्यजीवांच्या कार्यासाठीं, त्यांत जमीन घेण्यासाठींही, निराळा काढण्यांत आला. आणि १९७२ च्या दुरुस्तीनें धनुष्यबाणही त्या कराखालीं आले. तेव्हांपासून धनुर्धर आपल्या भूमीची किंमत कांहीं अंशीं स्वतः देत आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

६. पहिला धनुर्धर

येथवरचें विवेचन वाचून कोणी म्हणेल कीं, भूमि उरली अथवा टाकली गेली, ती सर्वांची झाली. यांत कोणाचें काय गेलें? या शंकेचें उत्तर दिल्यावांचून लेख पुरा करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आधुनिक धनुर्मृगयेचा उगम तेथील लोक एका मनुष्यापर्यंत नेतात. २९ ऑगस्ट १९११ रोजीं, म्हणजे वीक्स-कायद्यानंतर सहा महिन्यांच्या आंत, कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवाजवळच्या खाटिकखान्यापाशीं एक कृश, उपाशी मनुष्य सांपडला. तो याही नांवाच्या जमातीचा शेवटचा मनुष्य होता. सोन्याच्या शोधार्थ आलेल्या गोऱ्या लोकांनीं त्याची जमात हत्याकांडांनीं जवळजवळ नाहींशी केली होती. उरलेलीं थोडीं माणसें अनेक वर्षें डोंगरांत लपून राहिलीं, आणि शेवटीं हा एकटा राहिला. आपलें नांव त्यानें कोणास सांगितलें नाहीं. मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यानें त्यास 'इशी' म्हटलें. त्याच्या भाषेंत त्याचा अर्थ केवळ 'मनुष्य'. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयांत तो राहिला. तेथें विद्यापीठाच्या वैद्यकशाळेंतील शस्त्रवैद्य सॅक्स्टन पोप त्याचा मित्र व शिष्य झाला. धनुष्य कसें घडवावें, बाण कसा सरळ करावा, वाऱ्याविरुद्ध कसें बसावें, हें पोप त्याच्यापाशीं शिकला. १९१४ सालीं इशी, पोप, क्रोबर व वॉटरमन हे डीअर क्रीकच्या खोऱ्यांत, इशीच्या जन्मभूमींत, जाऊन आले. २५ मार्च १९१६ रोजीं इशी क्षयानें वारला. १९२३ सालीं पोपचा धनुर्मृगयेवरील ग्रंथ निघाला आणि तो वाचून पुष्कळ लोक या नादास लागले. पोप व त्याचा सोबती यंग यांच्या नांवानें १९६१ सालीं धनुर्धरांचें मंडळ स्थापन झालें. त्याच्या एका विशेष सन्मानास इशीचें नांव आहे. १९८४ सालीं त्याच्या प्रदेशांतील सुमारें ४१ हजार एकरांचें अरण्यही इशीच्या नांवानें राखून ठेवण्यांत आलें.

विद्या शिष्यांकडे गेली, नांव अरण्यास लागलें. भूमि मात्र ज्याची होती त्यास परत मिळाली नाहीं, कारण घेण्यास कोणी उरला नव्हता. आणि ती घेतांना दिलेलें समर्थन काय होतें ? जे रान साफ करून शेती करीत नाहींत, केवळ शिकार करितात, त्यांची भूमीवर खरी मालकी नसते, हें. म्हणजे आमच्या श्लोकाचा पूर्वभागच, जणूं शल्याच्या हक्कावर कुऱ्हाडीचा हक्क चढवून, वापरण्यांत आला. मनूच्या श्लोकांत दोन्ही हक्क शेजारीं नांदतात. अमेरिकेच्या इतिहासांत एकानें दुसऱ्यास गिळलें.

विस्कॉन्सिनांत हा विषय केवळ स्मरणाचा नाहीं. तेथील ओजिब्वे लोकांनीं १८३७ व १८४२ च्या तहांनीं उत्तरेकडील प्रदेश दिला, पण त्यांत शिकार, मासेमारी व वनोपज गोळा करणें यांचा हक्क राखून ठेविला होता. संस्थानानें तो पुढें मानला नाहीं. १९८३ सालीं संघीय अपील-न्यायालयानें तो हक्क जिवंत असल्याचा निकाल दिला. त्यानंतर कांहीं वर्षें वसंतांत मासेमारीच्या वेळीं नौका उतरण्याच्या जागीं या लोकांस शिवीगाळ व दगडफेक सोसावी लागली. आज तो हक्क मुख्यतः सार्वजनिक भूमीवर व जलांवर चालतो. तेव्हां सार्वजनिक भूमि विकली गेली तर परवानाधारक धनुर्धराचीच जागा जाते असें नव्हे. पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं दिलेला शब्द पाळण्याचें स्थळही नष्ट होतें.

७. कोपऱ्याचा वाद

सार्वजनिक भूमि आहे, पण तीपर्यंत पोंचतां येत नाहीं, हें या इतिहासाचें शेवटचें प्रकरण होय. बुद्धिबळाच्या पटावर उंट एका रंगाच्या घरांतून त्याच रंगाच्या घरांत कोपऱ्याकोपऱ्यानें जातो. वायोमिंगच्या पटावर मनुष्यास तसें जातां येतें कीं नाहीं ? कोपऱ्यावरून पाय टाकतांना जमिनीस स्पर्श होत नाहीं. पण देह क्षणभर खासगी घरांच्या वरच्या आकाशांतून जातो. ज्या सार्वजनिक जमिनी केवळ अशा कोपऱ्यांमुळें अडून राहिल्या आहेत, त्यांचें क्षेत्र एका नकाशा-कंपनीनें २०२२ सालीं सुमारें ८३ लक्ष एकर मोजलें आहे.

एल्क या थोर हरिणाच्या शिकारीसाठीं मिसुरीहून आलेल्या कांहीं मंडळींनीं २०२१ सालीं वायोमिंगमधील एल्क मौंटन येथें अशा एका कोपऱ्यावर दुहेरी शिडी उभी केली. एका सार्वजनिक घरांतून चढून ते दुसऱ्या सार्वजनिक घरांत उतरले. त्यांनीं खासगी जमिनीवर पाऊल ठेविलें नाहीं. तरी त्यांवर फौजदारी खटला झाला. २०२२ सालीं पंचांनीं त्यांस निर्दोष सोडलें. मग जमीनमालकानें दिवाणी दावा लाविला. १८ मार्च २०२५ रोजीं दहाव्या विभागाच्या अपील-न्यायालयानें शिकाऱ्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें मालकाचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. निकालाचा मुख्य आधार १८८५ चा एक कायदा. तो गुरांच्या मोठमोठ्या मालकांनीं सार्वजनिक कुरणें कुंपणांत कोंडूं नयेत म्हणून झाला होता. मेंढ्या-गुरांसाठीं झालेला जुना कायदा एकशें चाळीस वर्षांनीं शिडीवाल्या शिकाऱ्यांच्या उपयोगीं पडला. दप्तरांतील जुना कागद कधीं कामास येईल याचा नेम नाहीं, हें आमच्या मंडळाच्या सभासदांस सांगण्याचें कारण नाहीं. मात्र हा निकाल त्या विभागांतील सहा संस्थानांसच बांधतो, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

८. उपसंहार

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आतां असें देतां येईल. ती भूमि पहिल्यापासून सर्वांची नव्हती. प्रथम ती दुसऱ्यांची होती, व त्यांच्याकडून ती कांहीं ठिकाणीं तहानें, पुष्कळ ठिकाणीं बलात्कारानें घेतली गेली. नंतर ती विकावयास काढली. जी विकली गेली नाहीं ती पश्चिमेस उरली. जी विकूनही टाकली गेली ती उत्तरेस व पूर्वेस परत आली. ती पुन्हा विकूं नये असें ठरविणारा कायदा १९७६ चा, म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या वयापेक्षां फार मोठा नाहीं. २०२५ च्या जून महिन्यांत तेथील सेनेटांत पश्चिमेकडील लक्षावधि एकर जमीन विक्रीस काढण्याची तरतूद पुढें आली होती. शिकारी, मासेमार व रानांत हिंडणारे लोक एकवटले, म्हणून ती मागें घेण्यांत आली. जें मागें घेतलें तें पुन्हा पुढें येऊं शकतें.

म्हणून आम्ही त्यास तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, नकाशाच्या रंगावर विसंबूं नकोस. कौंटीचें अरण्य, संस्थानाचें वन्यजीव-क्षेत्र, राष्ट्रीय अरण्य, शाळेची जमीन, आणि कराच्या सवलतीसाठीं मालकानें लोकांस खुली ठेविलेली खासगी वनें, या प्रत्येकाचा नियम निराळा. तो त्या त्या कचेरींत जाऊन विचार. दुसरी, हद्दीपासून इतका आंत बैस कीं विद्ध मृग धांवला तरी दुसऱ्याच्या कुंपणांत जाणार नाहीं. आणि गेलाच, तर दुष्यंतानें तापसापुढें बाण उतरविला, तसा तूं धनुष्य ठेवून मालकाच्या दाराशीं जा. तिसरी, ज्या भूमीवर बसशील तिच्यावर तुझ्या आधीं कोणाकोणाचे धनुष्य वांकलें होतें, तें जाणून बैस.

त्याचें उत्तर गेल्या महिन्यांत आलें. उत्तरेकडील एका कौंटी-अरण्यांत त्यानें जागा निश्चित केली आहे. हंगाम संपेपर्यंत त्यास हरिण मिळालें नाहीं. परंतु मचाणाखालीं पाइनचा एक मोठा जुना बुंधा, आंतून पोकळ झालेला व शेवाळानें भरलेला, त्यास सांपडला. त्याचा घेर त्यानें दोरीनें मोजून आम्हांस कळविला आहे.